खिशातले पिस्तूल का अडकते?

अमेरिकेत परवाना घेऊन कपड्यांखाली पिस्तूल बाळगणारी लाखो माणसे आहेत. फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये असा परवाना मिळण्याची वाट सोपी केली. मग एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली आणि बंदुकांच्या बाजारात लहान पिस्तुलांची चढाओढ लागली. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा काडतुसांची मर्यादा घातली. ती २००४ पर्यंत टिकली, पण तेवढ्या दहा वर्षांत कारखानदारांनी हिशेब मांडला : दहाच काडतुसे बसवायची तर मूठ मोठी कशाला? मुठी आखूड झाल्या, नळ्या आखूड झाल्या, वजने उतरली. रुगर कंपनीचे २००८ मध्ये आलेले 'एलसीपी' हे .३८० बोअरचे पिस्तूल रिकामे असताना पावशेराच्या किंचित वर भरते. पँटच्या खिशात ते दिसतही नाही.

असे पिस्तूल माणूस घेतो तो आयुष्यात कदाचित एकदाच येणाऱ्या क्षणासाठी, आणि त्या एका वेळी ते चाललेच पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. अडचण अशी, की पिस्तूल जितके लहान तितके ते अडकण्याची शक्यता जास्त. हे निव्वळ निकृष्ट कामाचे लक्षण नव्हे. चांगल्या कारखान्यातले लहान पिस्तूलही त्याच कारखान्यातल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा नाजूक प्रकृतीचे असते, आणि त्याचे मूळ शाळेत शिकलेल्या न्यूटनच्या नियमांत आहे.

चाप ओढल्यावर आत काय घडते ते सावकाश पाहू. गोळी नळीतून पुढे सुटते त्याच क्षणी वरची पोलादी स्लाइड मागे ढकलली जाते. एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी आकडी रिकाम्या केसची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांडीची, कड धरून ती नळीच्या मागच्या टोकाच्या चेंबरमधून ओढून काढते. मागे येता येता ती केस इजेक्टरवर आपटते आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर उडते. स्लाइड मागच्या टोकाला पोचेपर्यंत रिकॉइल स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, ती स्लाइडला पुन्हा पुढे फेकते. पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाला ढकलते, ते फीड रॅम्पच्या उतरणीवरून चढून चेंबरमध्ये शिरते, आकडी त्याच्या बुडाच्या खाचेत बसते, आणि पिस्तूल पुढच्या गोळीला तयार. हा सगळा प्रवास सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत संपतो.

आता आकडे घालू. .३२ बोअरची नेहमीची गोळी साधारण ४.६ ग्रॅम वजनाची असते आणि तिचा वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. गोळीला पुढच्या दिशेने जितका संवेग मिळतो तितकाच स्लाइडला मागच्या दिशेने. साध्या रचनेच्या पिस्तुलात स्लाइड ४०० ग्रॅमची असेल तर ती सेकंदाला तीन मीटरहून थोड्या जास्त वेगाने मागे येते. तीच २५० ग्रॅमची केली की वेग पाच मीटरवर जातो. जळालेल्या दारूच्या वायूंचा धक्का यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही आकडे वाढतात.

म्हणजे लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी, म्हणून वेगवान. शिवाय तिला मागे सरकायला जागा कमी. मोठ्या पिस्तुलात स्लाइड मॅगझिनच्या मागे बरीच जाते आणि मग परत फिरते. तेवढ्या अवधीत मॅगझिनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर उचलून ठेवते. लहान पिस्तुलात ही जादा जागा काही मिलिमीटरच असते आणि अवधी सेकंदाच्या काही हजारांश भागांचा. मॅगझिनची स्प्रिंग जरा थकलेली असली, की स्लाइड परत येते तेव्हा काडतूस पुरते वर आलेलेच नसते. मग स्लाइड त्याच्या डोक्यावरून रिकामीच पुढे जाते, नाहीतर त्याला मध्येच तिरके दाबून बसते.

यावर उपाय म्हणून रिकॉइल स्प्रिंग कडक करतात, आणि त्यातून दोन नवी दुखणी निघतात. कडक स्प्रिंगची स्लाइड हाताने मागे ओढणे वयस्क माणसाला किंवा ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला जड जाते. आणि काडतूस थोडे कमजोर निघाले तर ते स्लाइडला शेवटपर्यंत मागे नेऊच शकत नाही. मोठ्या पिस्तुलात काडतूस थोडे इकडेतिकडे असले तरी निभावते. लहानात दोन्ही बाजूंनी कडेलोट जवळच असतो.

जॉन ब्राउनिंग या थोर शस्त्ररचनाकाराचे १९११ मॉडेलचे कोल्ट पिस्तूल याचा उत्तम दाखला आहे. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकी लष्कराने कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची अखेरची कसोटी घेतली. प्रत्येकातून ६,००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल हाताला सोसवेना इतके तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुढे चालू करायचे. सॅव्हेज ३७ वेळा अडले, कोल्ट एकदाही नाही. पाच इंची नळीचे ते पिस्तूल पुढे अनेक दशके लष्कराने वापरले. १९८५ मध्ये कोल्टनेच त्याची साडेतीन इंची आवृत्ती 'ऑफिसर्स' या नावाने आणली. तेच काडतूस, तीच तत्त्वे, फक्त लांबी कमी, आणि या आखूड भावंडांची लहरी म्हणून ख्याती झाली. या रचनेत गोळी सुटल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकते आणि स्लाइडपासून सुटे होते. नळी आखूड झाली की तेवढेच खाली येण्यासाठी तिला जास्त तिरके व्हावे लागते. तोंडाशी नळीला आधार देणारे जुने कडे मग चालत नाही. म्हणून नळीचे तोंडच शंकूसारखे रुंद करावे लागले. मूळ पिस्तुलाला सुमारे १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग पुरत होती, आखूड आवृत्तीला २० पौंडांच्या पुढची लागली, आणि तिला मावायला जागा मात्र कमी. एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगांची युक्ती आज बहुतेक लहान पिस्तुलांत दिसते ती याच अडचणीतून आलेली. नऊ मिलिमीटरच्या 'ग्लॉक २६' मध्ये ती नव्वदच्या दशकापासून आहे.

ब्राउनिंगला लहान पिस्तुलांचे मर्म फार आधी कळले होते. बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी त्याने बंडीच्या खिशात मावेल असे पिस्तूल आखले, तेव्हा आधी त्याच्यासाठी नवे काडतूस तयार केले : .२५ बोअर, वर्ष १९०५. ताकदीच्या हिशेबाने ते .२२ च्या फार पुढे नाही. मग हा खटाटोप कशाला? .२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ती मॅगझिनमध्ये एकमेकींत अडकते. आणि त्याचा स्फोटक मसाला त्याच कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल तर घोड्याचा ठोका वाया जातो. .२५ ला कड जवळपास नाही आणि मसाल्याची टोपी, म्हणजे प्रायमर, बरोबर मध्यभागी, म्हणून ते भरवशाचे. लहान पिस्तुलाचा भरवसा काडतुसापासून सुरू होतो, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याने कृतीने दाखवले. आजही पिस्तूल अडले की लोक आधी पिस्तुलाला दोष देतात. मला वाटते शोध उलट दिशेने घ्यावा : आधी काडतूस, मग मॅगझिन, मग हात, आणि सर्वांत शेवटी पिस्तूल.

काडतुसाचे आणि मॅगझिनचे नाते किती बारीक असते ते .३२ मध्ये दिसते. हेही ब्राउनिंगचेच, पण आधीचे, १८९९ सालचे. त्याच्या बुडाशी अर्धवट कड आहे. केसच्या अंगापेक्षा ती दोन्ही बाजूंना सुमारे पाव मिलिमीटर बाहेर येते. पाव मिलिमीटर म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाची जाडी. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसतात तेव्हा वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी, म्हणजे वरचे निर्धास्त पुढे सरकते. हादऱ्याने वरचे काडतूस मागे सरकून त्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही काडतुसे एकमेकांत गुंततात. मग स्लाइड कितीही जोराने येवो, वरचे काडतूस हलत नाही. हातानेही ते सहज सुटत नाही. मॅगझिन काढून, काडी घालून, एकेक काडतूस उपसावे लागते.

गंमत अशी, की पूर्ण लांबीची गोलमुखी काडतुसे भरली तर हे सहसा होत नाही, कारण मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागाच नसते. पोकळ टोकाच्या गोळ्यांची काडतुसे दीड-दोन मिलिमीटर आखूड असतात. तेवढ्या जागेत ती मागेपुढे होतात आणि कड कडेमागे जाते. केल-टेक कंपनीच्या १९९९ मध्ये आलेल्या 'पी-३२' या अतिशय हलक्या पिस्तुलाच्या मालकांना हे दुखणे चांगले ओळखीचे आहे. त्यावरचा इलाजही साधा : मॅगझिनमध्ये ती रिकामी जागा भरणारी पट्टी किंवा तार बसवणे, नाहीतर पूर्ण लांबीचीच काडतुसे वापरणे. ब्राउनिंगच्याच .३८० या १९०८ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, म्हणून त्यात हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडच्या परवानाधारकांशी याचा थेट संबंध येतो. भारतात नऊ मिलिमीटर हे काडतूस सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे परवान्यावरचे पिस्तूल बहुधा .३२ चे असते, मग ते सरकारी कारखान्यातले 'अशनी' असो की आजोबांच्या काळचे परदेशी. जुन्या पिस्तुलाचे मॅगझिन तितकेच जुने असते आणि ते कुठे आपटून, ओठाशी दबून चेपलेले असते. मॅगझिनचे ओठ म्हणजे वरच्या दोन वाकवलेल्या कडा. काडतूस कोणत्या उंचीला आणि कोणत्या कोनात उभे राहील हे त्याच ठरवतात. त्या अर्धा मिलिमीटर जरी फाकल्या किंवा दबल्या, तरी काडतुसाचे नाक रॅम्पच्या खाली धडकते किंवा चेंबरच्या वरच्या कडेला आदळते. म्हणून मॅगझिन दोन असतील तर दोहोंवर रंगाने आकडे घालावेत, आणि अडले की कोणत्या आकड्याचे होते ते वहीत टिपावे. दुखणे एकाच मॅगझिनमागे फिरत असेल तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही, मॅगझिन बदलले की झाले.

अडण्याची तऱ्हा पाहिली तरी बरेच कळते. रिकामी केस खिडकीत उभी अडकली असेल तर स्लाइड पुरेशी मागे गेली नाही, किंवा आकडीची अगर इजेक्टरची चूक आहे. काडतुसाचे नाक रॅम्पला टेकून थांबले असेल तर मॅगझिन किंवा गोळीचा आकार तपासावा. स्लाइड पुढे येऊन शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांवर थांबत असेल तर चेंबर मळलेले आहे किंवा रिकॉइल स्प्रिंग दमली आहे. घोडा पडला, प्रायमरवर हलकाच ठसा उमटला आणि गोळी सुटली नाही, तर ठोका कमी पडला. वहीत अशा नोंदी तारखेसह असल्या की बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

हाताचा भाग लोकांना पटायला सर्वांत अवघड जातो. स्लाइड मागे जाते तेव्हा खालचा सांगाडा जागेवर घट्ट राहिला, तरच स्प्रिंग पूर्ण दबते. मनगट सैल असेल तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो, दोहोंमधले अंतर पुरेसे पडत नाही आणि केस खिडकीत अडकते. जड पिस्तूल स्वतःच्या वजनाने थोडे तरी स्थिर राहते. पावशेराचे पिस्तूल पूर्णपणे हातावर अवलंबून, आणि त्याच्या मुठीवर बोटे मात्र दोनच बसतात. तिसऱ्या बोटाला टेकू देणारा मॅगझिनचा लांब तळ ही दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण तिने खरोखर फरक पडतो. एखादे पिस्तूल नवशिक्याच्या हातात सारखे अडते आणि अनुभवी माणसाच्या हातात अजिबात अडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच.

खिशाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. सुताचे धागे, धूळ, सुट्या नाण्यांचा मळ नळीच्या तोंडात आणि घोड्याच्या फटीत जातो. कमरेला लावलेल्या पिस्तुलाला घाम लागतो, घामात मीठ असते, आणि मुंबई-कोकणाच्या हवेत पावसाळ्यात पोलादावर तांबूस ठिपके उमटायला काही दिवस पुरतात. स्टेनलेस स्टीलसुद्धा गंजते, फक्त उशिरा. म्हणून खिशात पिस्तूल कधीही सुटे ठेवू नये. त्याच्या मापाचे, चाप पूर्ण झाकणारे आवरण हवे आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. तेल सांधे आणि सरकत्या पट्ट्यांवर थेंबभर पुरे, जास्तीचे तेल धूळ गोळा करते. काडतुसांवर तेल अजिबात नको. ते प्रायमरमध्ये झिरपले तर काडतूस निकामी होऊ शकते.

नवे पिस्तूल भरवशाचे आहे हे ठरवायचे कसे? काहर कंपनी आपल्या लहान पिस्तुलांबद्दल सांगते, की पहिल्या २०० गोळ्या झाडून भाग एकमेकांना सरावल्याशिवाय ते विसंबण्यालायक समजू नका. अमेरिकेतले जाणकारही रोजच्या वापरातल्या काडतुसाच्या साधारण तेवढ्याच गोळ्या न अडता जाव्यात असे म्हणतात. सल्ला चांगला आहे, पण त्यातून काय सिद्ध होते ते नीट समजून घ्यावे. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे : इतक्या वेळा करून एकदाही चूक झाली नाही, तर तीनला त्या संख्येने भागा. ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, की खरे चुकीचे प्रमाण त्याहून जास्त नाही. दोनशेत शून्य म्हणजे दीड टक्क्यापर्यंत दोष अजूनही लपलेला असू शकतो. पन्नास गोळ्यांत शून्य म्हणजे सहा टक्क्यांपर्यंत. एका डब्यातली काडतुसे नीट गेली म्हणून निश्चिंत होणाऱ्याने हा भागाकार जरूर करावा. भारतात काडतुसांची संख्या परवान्यावर बांधलेली असते आणि ती महागही पडतात, त्यामुळे इथे कसोटी लहान ठेवावी लागते. तेव्हा तर मॅगझिनची आणि स्प्रिंगची तपासणी अधिक काटेकोर हवी.

आता कानस-पॉलिशकडे येऊ. बाजारात हलक्या स्प्रिंगा, गुळगुळीत चाप, सुधारित भाग यांची रेलचेल आहे, आणि फीड रॅम्प घरीच घासून चकचकीत करण्याचे सल्ले सर्वत्र मिळतात. माझे मत याबाबत स्पष्ट आहे. घाव घालणाऱ्या स्प्रिंगला हलके केले की चाप मऊ लागतो खरा, पण ठोकाही हलका पडतो आणि कठीण प्रायमरचे काडतूस फुटत नाही. रॅम्प घासताना त्याचा कोन बदलला, किंवा चेंबरच्या तोंडाशी धातू जास्त गेला, तर केसच्या बुडाला आधार उरत नाही आणि ती फुटू शकते. शिवाय भरवशाचा एक दुसरा अर्थही आहे : चाप ओढल्याशिवाय पिस्तूल सुटता कामा नये. रुगरने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये नव्याकोऱ्या 'एलसीपी' चे पहिले नग परत मागवले, कारण भरलेले पिस्तूल हातून पडल्यास सुटण्याची शक्यता होती. मोठ्या कारखान्याच्या मोजमापातूनही अशी गोष्ट निसटते, तिथे घरातल्या टेबलावर कानस चालवणाऱ्याने काय खात्री द्यावी? आपल्याकडे तर कायद्याचीच आडकाठी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम बंदुकीत बदल करणे, ती दुरुस्त करणे, तिची चाचणी घेणे या कामांनाही परवाना लागतो असे सांगते. काम परवानाधारक कारागिराकडेच न्यावे, आणि ते नेताना नोंदींची वही सोबत ठेवावी.

पिस्तुलाच्या आतली बदलण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे स्प्रिंग, तीही कारखान्याच्याच मापाची. लहान पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग प्रत्येक गोळीला आपल्या ताकदीच्या टोकापर्यंत दबते, म्हणून ती मोठ्या पिस्तुलाच्या स्प्रिंगच्या खूप आधी दमते. कारखान्याच्या पुस्तिकेत किती गोळ्यांनंतर ती बदलायची ते लिहिलेले असते. किती गोळ्या झाडल्या याचा हिशेबच नसेल, तर तो आकडा निरुपयोगी.

एवढ्या सगळ्या नाजूकपणापेक्षा पाच गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हर बरे, असे मानणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्मिथ अँड वेसनचे १९५० चे 'चीफ्स स्पेशल' आणि त्याच घराण्यातली पुढची मॉडेले आजतागायत खपतात. तिथे मॅगझिन नाही, स्लाइड नाही, मनगटाचा प्रश्न नाही. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की फिरत्या चक्रीतले पुढचे समोर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले अर्धा किलोचे .३२ 'निर्भीक' हेही रिव्हॉल्व्हरच. पण रिव्हॉल्व्हरचा चाप जड, गोळ्या कमी, आणि चक्रीची जाडी खिशात लपत नाही. कोणते घ्यावे याचे उत्तर हाताच्या जोरावर आणि सरावावर ठरते.

एक गोष्ट मात्र पिस्तूलवाल्यांपैकी फार थोडे लोक पाहतात. रात्री पिस्तूल रिकामे करून तिजोरीत ठेवायचे आणि सकाळी पुन्हा भरायचे, ही सवय चांगलीच. पण रोज चेंबरमधून निघालेले तेच काडतूस मॅगझिनच्या वर ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच स्लाइडच्या धक्क्याने रॅम्पवर आदळून आत जाते. अशा वारंवार आदळण्याने गोळी केसमध्ये हळूहळू आत दबते. आतली जागा कमी झाली की दारू जळताना दाब झपाट्याने चढतो, आणि लहान काडतुसात तर थोड्याशा दबण्यानेही तो धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. शिवाय आखूड झालेले काडतूस नीट चढत नाही, ते निराळेच. म्हणून ते काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभे करून पाहावे. उंचीत फरक डोळ्यांना दिसला, किंवा केसच्या तोंडाशी गोळीवर ताजा ओरखडा आढळला, तर ते बाजूला काढून बंदूकवाल्याच्या स्वाधीन करावे. फरक दिसत नसला तरी वरचे काडतूस दर वेळी तळाशी घालावे, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही.